बाया, तिची बहीण आणि तिच्या सुना

बहुतेक मराठी घरांत अशी एक बाई होऊन गेलेली असते. रात्री परड्यात शिरलेल्या चोरावर मुसळ उगारणारी पणजी. पाटल्या मोडून विहीर खोदायला लावणारी आणि ही गोष्ट भावकीला नंतर कळवणारी आत्या. नवऱ्याने टाकल्यावर नर्सिंगला गेलेली आणि पुढे भाच्यांच्या फिया भरणारी मावशी. लग्नघरी पंगती उठल्या, पानाचं तबक फिरू लागलं की या बायांची आठवण निघते. दोन-चार वाक्यांत चोर पळून जातो, सगळे हसतात, कुणीतरी म्हणतं, “भलती खमकी होती हो!” आणि विषय बदलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पणजीला घरातल्या वडीलधाऱ्यांनी काय ऐकवलं, विहिरीला पाणी लागलं का, मावशी शिकत होती तेव्हा तिचं तान्हं मूल कुणाच्या मांडीवर होतं, हे त्या गोष्टीत येत नाही.

घराण्याच्या आठवणीची ही रीतच आहे. घराणं धाडस जपतं आणि त्याचा खर्च विसरतं. ‘खमकी’, ‘हट्टी’, ‘तापट’, ‘कुणाला न ऐकणारी’ ही विशेषणं ऐकायला कौतुकाची वाटतात, पण ती एक काम गुपचूप करून टाकतात. बाईने विचार करून, घाबरत, पैशांची जुळवाजुळव करून घेतलेला निर्णय ती तिच्या स्वभावाच्या खात्यावर जमा करतात. स्वभावच तसा होता म्हटलं की पुढे विचारायला काही उरत नाही. नात्यातल्या बायांच्या गोष्टींची ओळख करून देताना म्हणूनच त्यांच्या शौर्याची यादी देण्यापेक्षा एखादं घर नीट उघडून पाहिलेलं बरं. त्यासाठी अण्णासाहेब कर्वे यांच्या घराइतकं सोयीचं घर मराठीत दुसरं नसेल, कारण त्या घरातल्या बऱ्याच जणांनी लिहून ठेवलं आहे.

सुरुवात मात्र कर्व्यांच्या मुरूडपासून करायची नाही. ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखला, जोशांच्या घरात करायची. त्या घरातल्या दोन बहिणी, गोदावरी आणि कृष्णा. दोघींची लग्नं त्या काळाच्या रिवाजाप्रमाणे लहानपणी झाली आणि दोघी विधवा झाल्या. गोदावरी तर इतक्या लहान वयात की काय घडलं हे समजण्याचीही तिची इयत्ता नव्हती. पुढची कित्येक वर्षं ती सासरी राबली, केशवपन झालं, आणि तिचं आयुष्य असंच सरणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. मुंबईत शिकणारा भाऊ नरहरपंत तिला आपल्याकडे घेऊन गेला. 1889 साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे ही गोदूबाई. वय विशीच्या पुढे गेलेलं, आणि हातात मुळाक्षरांची पाटी.

नरहरपंतांचे मित्र धोंडो केशव, म्हणजेच अण्णासाहेब कर्वे, यांची पहिली पत्नी राधाबाई 1891 मध्ये वारली. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, असं कर्व्यांनी ठरवलं होतं. 1893 मध्ये पुण्यात गोदूबाईंचं त्यांच्याशी लग्न झालं आणि त्या आनंदीबाई झाल्या. घरी-दारी त्यांना ‘बाया’ म्हणत. लग्नानंतर कर्वे मुरूडला गेले तेव्हा गावाने सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. मुलाला घरात घेतलं तर घरच्यांनाही वाळीत टाकू, अशी धमकी होती.

शाळेच्या पाठ्यपुस्तकात ही गोष्ट इथे संपते आणि ती कर्व्यांच्या धैर्याची गोष्ट असते. त्यांचं धैर्य मोठं होतं यात वाद नाही. पण वाळीत पडलेल्या घरात स्वयंपाक कोण करतं, बाळंतपण कुणाकडे होतं, पाणी भरायला गेलं की शेजारणी कुठे बघतात, हे अनुभवणारं माणूस घरात दुसरंच होतं. आनंदीबाईंनी म्हातारपणी आपल्या आठवणी सांगितल्या, त्यांची सून कावेरी कर्वे यांनी त्या संपादित केल्या, आणि 1944 मध्ये ‘माझे पुराण’ या नावाने त्या छापून आल्या. त्या पुस्तकात धैर्याबद्दल फारसं बोलणं नाही. पैशांबद्दल मात्र आहे. नवरा फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक, पगार बेताचा, आणि 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढल्यापासून त्याचा जीव आणि जमेल तेवढा पैसा आश्रमाकडे लागलेला. पुढे आश्रम हिंगण्याला गेला. तेव्हाचं हिंगणं म्हणजे माळरान, आणि कर्वे पुण्याहून तिथे पायी जात. त्या पायपिटीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या वेळी घरात पिठाचा डबा कितपत भरलेला असे, हे मात्र बायाच सांगते. राग, चिडचिड, नवऱ्याबद्दलचा आदर आणि त्याच्या विरक्तीचा आलेला कंटाळा, हे सगळं त्या सांगण्यात एकत्र नांदतं. समाजसुधारकाची बायको असणं ही पूर्ण वेळची नोकरी होती, आणि तिला पगार नव्हता.

आता धाकट्या बहिणीकडे वळायचं. कृष्णा लग्नानंतर पार्वती झाली, पार्वतीबाई आठवले. विशीच्या सुमारास विधवा झाली तेव्हा पदरात मुलगा होता. थोरल्या बहिणीच्या पुनर्विवाहावरून देवरुखात काय बोललं जात होतं ते तिच्या कानांवर होतंच. तरी मुलाला घेऊन ती त्याच वाळीत पडलेल्या बहिणीच्या घरी पुण्याला आली. शिकली आणि आश्रमाच्या कामात शिरली. पुनर्विवाह मात्र तिला मान्य नव्हता. मुलं असलेल्या विधवेने पुन्हा लग्न करू नये असं तिचं स्पष्ट मत होतं आणि बहीण समोर असतानाही तिने ते लपवलं नाही.

या दोघींच्या गोष्टी शेजारी ठेवून वाचताना गंमत वाटते. एकाच घरातल्या दोन बहिणी. एकीने सगळ्यात मोठी चौकट मोडली, आणि दुसरीने ती मान्य केली. मग चौकट मान्य करणारी ती दुसरी अशी कुठे-कुठे गेली की मोडणारीलाही जमलं नाही! आश्रमासाठी वर्गणी गोळा करत पार्वतीबाई गावोगाव फिरल्या. केशवपन केलेली, लाल आलवणातली ब्राह्मण विधवा सभेत उभी राहून विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागते, हे दृश्य सनातन्यांना अडचणीचं होतं. शास्त्रावर बोट ठेवून तिला गप्प करता येत नव्हतं, कारण तिने शास्त्राची अट पाळलेली होती. पुढे बेचाळिशीच्या आसपास त्यांनी केस वाढवायला सुरुवात केली, तेव्हा मात्र विरोधकांसोबत हितचिंतकही अस्वस्थ झाले. वर्गणीवर परिणाम होईल, ही त्यांची काळजी खोटी नव्हती. डोक्यावरच्या चार बोटं केसांची किंमत रुपयांत मोजली जात होती.

आणि मग 1918 मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पार्वतीबाई अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायचं होतं. घरी राहून ते जमत नव्हतं, तर जिथे दुसरी भाषा कानावर पडणार नाही तिथे जायचं, असा सरळ हिशेब. पैसे जवळ नव्हते, म्हणून परक्या घरांत भांडी घासण्यासारखी घरकामं करून त्या राहिल्या. मांसाहारी स्वयंपाकघरात शाकाहारी पोटाचे हाल झाले, आजारपण आलं. 1920 मध्ये त्या परतल्या त्या आश्रमासाठी देणग्या घेऊन. ‘माझी कहाणी’ हे त्यांचं पुस्तक 1928 मध्ये निघालं आणि दोनच वर्षांत जस्टिन अ‍ॅबट यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. हे पुस्तक आज फारसं कुणी वाचत नाही, हे मराठी वाचकाचं नुकसान आहे. त्यात कुठेही आपण काही अचाट केलं असा सूर नाही. कोणत्या घरात काय काम होतं आणि शिकायला वेळ मिळाला की नाही, हे मात्र आहे.

दोघी बहिणींत धाडसी कोण, हा प्रश्न घरगुती गप्पांत नेहमी विचारला जातो. तो निरर्थक आहे. बायाने लग्न केलं नसतं तर पुण्यात पार्वतीबाईंना उतरायला घर नव्हतं. एकीचं धाडस दुसरीच्या ओसरीवर उभं होतं. घराण्याच्या गोष्टी मात्र एका वेळी एकाच बाईला रंगमंचावर येऊ देतात, मागे दिवा धरून उभ्या असलेल्या बाईला त्यात जागा नसते. राधाबाईंचंच पाहा. कर्व्यांची ही पहिली बायको त्यांच्या आत्मवृत्तात भेटते, पण स्वतःच्या आवाजात कुठेही बोलत नाही.

सुनांची पिढी आली तोवर काळ बदलला होता, आणि फारसा बदललाही नव्हता. राधाबाईंचा मुलगा रघुनाथ याने 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले आणि या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गमावली. र. धों. कर्वे हे नाव आज पुरोगामी वर्तुळात आदराने घेतलं जातं, त्यांच्यावर 2001 मध्ये अमोल पालेकरांनी ‘ध्यासपर्व’ हा चित्रपटही काढला. त्यांच्या पत्नी मालतीबाई, माहेरच्या गंगूबाई गोखले. मूल नको हा निर्णय दोघांचा होता. पण 1920 च्या दशकात ‘तुम्हाला मूल का नाही’ हा प्रश्न हळदीकुंकवाला कुणाला विचारला जात असेल, हे सांगायला नको. जाहीर व्याख्यानात या विषयावर बोलणारा नवरा निदान वाद घालू शकत होता. 1944 मध्ये मालतीबाई गेल्या. त्यांच्या हातचं ‘माझे पुराण’ नाही.

दुसरी सून इरावती. 1905 मध्ये ब्रह्मदेशात जन्मलेली, पुण्यात रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढलेली, दिनकर कर्व्यांशी लग्न केलेली. इरावतीबाईंचं नाव काढलं की पुण्यातले जुने लोक पहिली गोष्ट सांगतात ती स्कूटरची. लेंगा-सदऱ्यातल्या पुरुषांनी भरलेल्या रस्त्यावरून साडी नेसून स्कूटर चालवणारी, कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, नवऱ्याला एकेरी हाक! ही गोष्ट चांगलीच आहे, तिच्यात वेग आहे. पण तिच्यामुळे बर्लिनची गोष्ट मागे पडली. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्या जर्मनीत मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेचे मोठे पुरस्कर्ते, ज्यांच्या सिद्धांतांचा पुढे नाझी राजवटीला उपयोग झाला. इरावतीबाईंना त्यांनी कवट्यांच्या असमतोलावर काम दिलं. युरोपीय आणि बिगरयुरोपीय कवट्यांत ठरावीक फरक दिसेल, ही गुरूंची अपेक्षा. विद्यार्थिनीने कवट्या मोजल्या, तसा फरक सापडला नाही, आणि प्रबंधात तिने तसंच लिहिलं. परदेशात, परक्या भाषेत, ज्याच्या हातात आपली पदवी आहे त्याच्या आवडत्या मताविरुद्ध. स्कूटरपेक्षा याला कितीतरी जास्त छाती लागली असणार. पण कवट्या मोजण्याची गोष्ट पानाच्या तबकाभोवती सांगता येत नाही.

आणि या गोष्टीला घरातली एक बाजूही आहे. सुनेने जर्मनीला जावं हे सासऱ्यांना पसंत नव्हतं. ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, 1916 मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केलं, 1958 मध्ये ज्यांना भारतरत्न मिळालं, ते अण्णासाहेब कर्वे या एका शिक्षणाच्या विरुद्ध होते. दिनकररावांनी पत्नीची बाजू घेतली, जीवराज मेहतांनी कर्ज दिलं आणि प्रवास झाला. अण्णांना यात उघडं पाडायचं कारण नाही, त्यांचीही काही कारणं असतील. पण घरगुती गोष्टींत एक थोर माणूस असला की त्याच्या सावलीतल्या सगळ्या बाया त्याच्याच कामाचं फळ होऊन बसतात. इथे मात्र सून सासऱ्यांच्या मनाविरुद्ध गेली, आणि पुढे त्याच सासऱ्यांवर तिने एक अतिशय सुंदर, प्रेमळ आणि अजिबात भाबडा नसलेला लेख लिहिला. दिनकर कर्व्यांनी संपादित केलेल्या 1963 च्या एका इंग्रजी पुस्तकात तो अनुवादरूपाने आहे, आणि त्याच पुस्तकात आनंदीबाईंच्या आठवणीही आहेत. सासू-सुनेचे आवाज एका बांधणीत, आणि दोघींचा विषय एकच माणूस. नात्यातल्या माणसांबद्दल कसं लिहावं याचा हा धडा कुठल्याही लेखनवर्गात मिळणार नाही.

परांजप्यांच्या बाजूला शकुंतला परांजपे. रँग्लर परांजप्यांची ही मुलगी केंब्रिजला गणित शिकली, रशियन चित्रकाराशी लग्न केलं, ते मोडलं, लहान मुलगी सईला घेऊन परतली. ‘कुंकू’ चित्रपटात भूमिका केली, र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचं काम पुण्यात उभं केलं, विधान परिषदेत आणि राज्यसभेत बसली. सई परांजपे यांच्या ‘सय’ या आत्मकथनात ही आई भेटते, आणि मुलीच्या लेखणीतून आलेली आई नेहमी थोडी अवघड असते. नातवंडं आजीची तारीफ करतात. मुली मात्र आईचा हिशेब मांडतात, आणि तो बहुधा जास्त खरा असतो.

सांगतं कोण, यावर पुष्कळ अवलंबून आहे. रमाबाई रानडे यांनी 1910 मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध केल्या, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांना प्रस्तावना लिहिली. अकराव्या वर्षी माधवराव रानड्यांच्या घरी आलेली ही मुलगी नवऱ्याच्या आग्रहाने शिकली, हे सर्वांना माहीत असतं. पुस्तकातला खरा ताण मात्र स्वयंपाकघरात आहे. दिवाणखान्यात नवरा वाचायला शिकवतो आणि माजघरात सासरच्या बायका त्यावरून बोलून बोलून जीव नकोसा करतात. रानड्यांना त्या बायकांच्या पंगतीत बसावं लागत नव्हतं. हे सगळं रमाबाई सांगतात, आणि मग 1901 मध्ये रानडे गेले तिथे पुस्तक थांबवतात. पुण्याचं सेवासदन, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठीचा लढा, तुरुंगातल्या बायकांच्या भेटी, असं त्यांचं स्वतःचं म्हणावं ते आयुष्य त्यानंतरच्या तेवीस वर्षांत घडलं. ते सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटलं नसावं. बाई स्वतः लिहिते तेव्हाही ती घराण्याच्या रीतीतून पुरती सुटत नाही, याचा यापेक्षा ठळक दाखला नाही.

लक्ष्मीबाई टिळक सुटल्या. का सुटल्या, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला कळतं: त्यांना स्वतःवर हसता येत होतं. 1857 नंतरच्या धामधुमीत नात्यातल्या एका माणसाला फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं असं वेड लागलं की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. त्या घरातली मुलगी. नवरा नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाला आणि ती लहान मुलाला घेऊन नातेवाइकांत राहिली. काही वर्षांनी ती नवऱ्याकडे आली, पण सोवळं आणि धर्म घेऊनच. मग एका रात्री जातीचा विचार करता करता तिने मनाशी ठरवलं की उद्यापासून कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं. मिठाच्या धुण्यापासून या पाण्यापर्यंतचं अंतर लक्ष्मीबाईंनी कुठल्याही प्रवचनाशिवाय सांगितलं आहे. आपला गोंधळ, भांडणं, फजिती, सगळं त्यात जसंच्या तसं आहे. 1934 पासून हे पुस्तक भागाभागाने येत गेलं, आणि ते त्यांच्याकडून लिहून घेण्यात मुलगा देवदत्त याचा मोठा वाटा होता. तो मागे लागला नसता तर आज टिळक कुटुंबात ‘आजी फार विनोदी होती’ एवढंच उरलं असतं.

इथवरची सगळी नावं ब्राह्मण घरांतली आहेत, हे वाचकाच्या लक्षात आलं असेल. त्याचं कारण धाडसाच्या वाटणीत नाही, कागद-शाईच्या वाटणीत आहे.

इरावतीबाईंची थोरली मुलगी जाई निंबकर फलटणला राहत. तिथेच मॅक्सिन बर्नसन या अमेरिकन अभ्यासक स्थायिक झाल्या होत्या, दोघींनी मिळून मराठीच्या अभ्यासकांसाठी व्याकरणही लिहिलं. त्याच फलटणमध्ये बेबीताई कांबळे दुकान चालवत होत्या आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा कागदावर काहीतरी लिहून लपवून ठेवत होत्या. नवऱ्यापासून, मुलापासून, सुमारे वीस वर्षं. बर्नसनबाईंनी ते लेखन पाहिलं आणि ते उजेडात आलं. आधी ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः, मग 1986 मध्ये ‘जिणं आमुचं’ म्हणून पुस्तकरूपाने. बेबीताईंनी एका आजीची किंवा आईची गोष्ट सांगितली नाही, वीरगावच्या अख्ख्या महारवाड्यातल्या बायांची सांगितली. सासरहून पळालेल्या कोवळ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा अडकवला जाई आणि तो ओढत तिला घरकाम करावं लागे, हे त्यात आहे. आंबेडकरांच्या सभेला पायी निघालेल्या बायाही आहेत. खोडा घालणाऱ्यांत सासवा होत्या, आणि सभेला निघालेल्यांतही काही त्याच सासवा असतील. घरच्या लेखिकेला ही अडचण टाळता येत नाही, बेबीताईंनी ती टाळली नाही. आणि हे सगळं लिहिणाऱ्या बाईला स्वतःच्या घरात वही उघडी ठेवता येत नव्हती, ही गोष्ट पुस्तकाच्या बाहेर राहिली होती. ती नंतर मुलाखतींतून कळली.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केलं, ते बायांच्या घरी जाऊन, त्यांना बोलतं करून. आंबेडकरी चळवळीतल्या या बायकांनी 1927 च्या महाड परिषदेनंतर लुगडं नेसण्याची पद्धत बदलली होती, जातीची खूण म्हणून घालावे लागणारे दागिने टाकले होते, 1942 मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची स्वतंत्र परिषद भरवली होती. आणि त्यांच्यातल्या कितीजणींच्या घरी, पुढच्या पिढीला यातलं काही ठाऊक नव्हतं! लुगडं घोट्यापर्यंत नेसणं ही गोष्ट आता कुणाला धाडस वाटणार नाही. गावच्या पाटलाच्या समोरून तसं नेसून जाणं काय होतं, हे नातीला आजीने सांगितलं नाही तर कळायला मार्ग नाही. पुढे 2003 मध्ये आलेल्या ‘आयदान’मध्ये पवारांनी स्वतःच्या आईबद्दल लिहिलं. विधवा झाल्यावर बांबूच्या कामट्यांच्या टोपल्या, सुपं विणून या आईने मुलं शिकवली. या आईला कुणी शूर म्हटलं नसतं. ती रोज विणत बसायची, इतकंच.

ज्यांच्या घरी दुकानातला कागदही नव्हता त्यांच्यासाठी जातं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉयटविन यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी जाऊन लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर, भाऊ, सीता, विठ्ठल यांच्याबरोबर सासूचा छळ आणि मायलेकींचं गूजही आहे. दळणाची गिरणी आली आणि हे सांगण्याची वेळच दिवसातून नाहीशी झाली. गिरणीबद्दल तक्रार करणं मूर्खपणाचं ठरेल, पहाटे तीनला उठून दळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारावं.

पुढच्या पानांवरच्या आठवणी वाचणाऱ्याला, आणि वाचून स्वतःच्या घरचं काही लिहून ठेवावंसं वाटणाऱ्याला, एक साधी अडचण येणार आहे. ती नावाची आहे. वर आलेल्या बायांची माहेरची नावं एका ओळीत मांडली तर गोदावरी, कृष्णा, गंगा आणि रमाबाई रानड्यांचं यमुना अशा चार नद्या होतात, आणि सासरी त्या चारही बुजल्या. आनंदी, पार्वती, मालती, रमा ही नावं राहिली. लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनू होत्या. शाळेचा दाखला एका नावाने, दवाखान्याची नोंद दुसऱ्या, सात-बारावर असलीच तर अमुकची बायको, आणि घरात आक्का नाहीतर जिजी. एकाच घरात तीन पिढ्यांत दोन ‘मोठ्या आई’ होऊन गेलेल्या असतात आणि त्यांच्या गोष्टी एकमेकींत मिसळून एक तिसरीच बाई तयार होते, जी मुसळही उगारते आणि विहीरही खोदते. ती छान असते, पण ती कधी नव्हतीच.

म्हणून ज्यांच्या घरी अजून विचारायला कुणी म्हातारं माणूस आहे, त्यांनी आधी माहेरचं नाव आणि गाव विचारून घ्यावं. मग ती कुणाकडे राहिली आणि मुलं कुणी सांभाळली, ते विचारावं. शेवटी पैसे कुठून आले ते विचारावं, आणि हा प्रश्न घरात बाकीचे नसताना, दुपारच्या चहाच्या आधी विचारावा, कारण सगळ्यात लांब उत्तर बहुधा त्याचंच येतं आणि त्यात घरातल्या एखाद्या पुरुषाचं नाव असतं.